दीर्घिकेत नवा ठिपका दिसला तर: सुपरनोव्हा शोधायची आणि मोजायची रीत

१९ मे २०२३ रोजी जपानचे कोइची इतागाकी यांनी सप्तर्षीतल्या एम १०१ दीर्घिकेत १४.९ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) नवा ठिपका पकडला, तेव्हा भारतात रात्रीचे ११ वाजायला तीन मिनिटं कमी होती. त्या घटकेला एम १०१ पुण्याच्या आकाशात याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर), क्षितिजापासून ५४ अंश उंच होती. पावसाला अजून अवकाश होता. नंतर जगभरच्या हौशी निरीक्षकांनी आपापल्या हार्ड डिस्क धुंडाळल्या, तेव्हा शोधाच्या आधी काढलेल्या कितीतरी फोटोंत तोच ठिपका निघाला. फोटो त्यांच्याकडे होते, पण त्याच रात्री ते जुन्या फोटोशी कोणी ताडून पाहिले नव्हते. एसएन २०२३आयएक्सएफ या नावाने हा सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेला तारा, पुढे प्रसिद्ध झाला.

म्हणून दुर्बीण केवढी घ्यावी यावर महिनोन्‌महिने घालवण्यापेक्षा ताडून पाहण्याची आणि खोटे ठिपके बाद करण्याची शिस्त आधी बसवावी. खाली जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी प्रतीचं गणित

दीर्घिकेचं अंतर माहीत असेल तर तिथला सुपरनोव्हा किती ठळक दिसेल हे कागदावर काढता येतं. दृश्य प्रतीतून निरपेक्ष प्रत (वस्तू १० पार्सेकवर असती तर दिसली असती ती) वजा केली की उत्तर येतं ५ × लॉग (अंतर, पार्सेकमध्ये) − ५. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटाचा टाइप १ए सुपरनोव्हा परमोच्च तेजाला साधारण −१९.३ निरपेक्ष प्रत गाठतो. जड ताऱ्याचा गाभा कोसळून होणारा टाइप २ सरासरी −१७ च्या आसपास असतो, पण त्यात बरंच खालीवर होतं.

एम १०१ सुमारे ६७ लाख पार्सेकवर आहे. सूत्राची उजवी बाजू येते २९.१, म्हणजे तिथला टाइप १ए ९.८ प्रतीला जायला हवा. २०११ साली तिथेच झालेला एसएन २०११एफई ९.९ पर्यंत चढला होता. कन्या राशीतल्या दीर्घिका समूहासाठी (१.६५ कोटी पार्सेक) हाच आकडा ३१.१ येतो, टाइप १ए ११.८ प्रतीचा, टाइप २ साधारण १४.१ चा. ३ कोटी पार्सेकवर १३.१ आणि १५.४. १० कोटी पार्सेकवर १५.७ आणि १८.

हे झाले परमोच्च तेजाचे आकडे. शोध लावायचा तर ठिपका त्याआधी, दोन-तीन प्रतींनी मंद असतानाच सापडायला हवा. शिवाय यजमान दीर्घिकेतली धूळ आपला वाटा घेते. एम ८२ इतकी जवळ आहे की तिथला एसएन २०१४जे हिशेबाने साडेआठच्या आसपास जायला हवा होता. धुळीमुळे तो साडेदहालाच अडला.

कोणत्या दीर्घिका, कोणत्या महिन्यात

मोठ्या सर्पिल दीर्घिकेत शतकात एक-दोन सुपरनोव्हा होतात असा ढोबळ हिशेब आहे. २०० दीर्घिकांची यादी धरली तर त्यांत मिळून वर्षाला दोन-चार. त्यातले काही पावसाळ्यात आणि काही दीर्घिका सूर्याआड असताना होणार. उरलेल्यांपैकी बहुतेक स्वयंचलित सर्वेक्षणं आधी गाठतात. हे पचवूनच यादी करायला बसावं.

यादीत भर द्यायचा तो जोमाने तारे जन्माला घालणाऱ्या सर्पिल दीर्घिकांवर. जड तारे तिथेच असतात, त्यामुळे दोन्ही प्रकारचे स्फोट तिथे होतात. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत जवळपास फक्त टाइप १ए मिळतो. काही दीर्घिकांचा पूर्वेतिहासच बोलका आहे. एनजीसी ६९४६ मध्ये १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत दहा सुपरनोव्हा नोंदले गेले. कन्या राशीतल्या एम ६१ मध्ये १९२६ पासून २०२० पर्यंत आठ, अरुंधती केशातल्या एम १०० मध्ये सात, मीन राशीतल्या एम ७४ मध्ये २००२, २००३ आणि २०१३ असे तीन.

महाराष्ट्र-गोव्यातून कामाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबरच्या मध्याला संध्याकाळी आठच्या सुमारास एनजीसी ६९४६ याम्योत्तर वृत्तावर असते. तिच्यापासून सुरुवात करावी, कारण चार महिने आपल्यापैकी कोणी तिच्याकडे पाहिलेलं नसतं. मग एम ७४, देवयानीच्या आसपासच्या दीर्घिका आणि दक्षिणेला एनजीसी २५३, एनजीसी १३६५. फेब्रुवारी ते मे हा खरा सुगीचा काळ: सिंह, कन्या, अरुंधती केश, सप्तर्षी. आपल्या अक्षांशाचा फायदा असा की कन्या समूह जवळजवळ डोक्यावरून जातो आणि युरोपात क्षितिजाला टेकलेली एम ८३ इथे ४० अंशांवर येते. एम ८२ मात्र जेमतेम ४० अंशांच्या आसपासच पोचते.

सर्वेक्षणांशी शर्यत लावायची असेल तर त्यांच्या फटी ओळखाव्या लागतात. झेडटीएफ हे सर्वेक्षण कॅलिफोर्नियातून चालतं. ॲटलस या दुसऱ्या सर्वेक्षणाच्या दुर्बिणी हवाई, चिली, दक्षिण आफ्रिका इथे आहेत. दक्षिण आफ्रिका सोडली तर बाकी ठिकाणी दिवस असतो तेव्हा आपल्याकडे बहुतांश रात्र असते; दक्षिण आफ्रिकेतही अंधार आपल्यानंतर काही तासांनी पडतो. लडाखमधल्या हानले इथली ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून उभारलेली, ही रेखांशाची जागा भरून काढायला मोलाची ठरते. हौशी माणसालाही तोच फायदा आहे. दुसरी फट संधिप्रकाशाची: सूर्यास्तानंतर पश्चिमेला बुडणाऱ्या आणि पहाटे पूर्वेला नुकत्याच वर आलेल्या दीर्घिका. मोठ्या यंत्रणा क्षितिजालगत फारशा फिरकत नाहीत.

साहित्य

२०० मिलीमीटर म्हणजे ८ इंची न्यूटोनियन, एफ/५, थंड करता येणारा मोनो सीमॉस कॅमेरा आणि मागोवा घेणारा माउंट एवढ्यात काम होतं. १००० मिलीमीटर नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होतो. तो २×२ बिन करावा (चार पिक्सेल मिळून एक) म्हणजे दीड विकला येतो; आपल्याकडच्या तीन-चार विकलांच्या थरथरत्या हवेला तेवढं पुरतं आणि फाइलही लहान राहते. शोधासाठी फिल्टर लावू नये. पुण्या-नाशिकच्या उपनगरातून अशा मांडणीत तीन-चार मिनिटांत १७ प्रत मिळते, गावाबाहेर १८ च्या जवळ जाता येतं.

सीस्टारसारखी ५० मिलीमीटरची स्मार्ट दुर्बीणही टाकाऊ नाही. वीस मिनिटांच्या स्टॅकमध्ये (अनेक फ्रेम एकत्र करून) पंधरा-सोळा प्रतीपर्यंत जाते. जवळच्या तीस-चाळीस दीर्घिकांवर पाळत ठेवायला आणि दुसऱ्याने शोधलेल्याचा प्रकाशवक्र (तेज दिवसागणिक कसं बदललं त्याचा आलेख) काढायला पुरेशी. एका पिक्सेलला जवळपास २.४ विकला पडतात, त्यामुळे गाभ्याजवळचा ठिपका मात्र तिच्यात विरघळून जातो.

माउंटबद्दल आपल्या भागातली एक अडचण आधीच सांगायला हवी. विषुववृत्तीय माउंट १५ ते २० अंश अक्षांशाला वाकवला की प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या पायाला लागू शकतो. तिपाईचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवायचा की दोन पायांमधली मोकळी जागा, हे दिवसा, दुर्बीण चढवण्याआधी फिरवून पाहून ठरवा. ध्रुव तारा इतका खाली असतो की गच्चीवरून बहुधा समोरच्या इमारतीआड जातो. निना किंवा शार्पकॅपमधली फोटोवरून ध्रुव साधण्याची सोय वापरा. कोकणात आणि गोव्यात दवासाठी हीटर पट्टी हवीच.

संदर्भ फ्रेम

यादीतल्या प्रत्येक दीर्घिकेची आपल्याच दुर्बिणीतून, त्याच कॅमेऱ्याने, फिल्टर नसताना काढलेली चांगली फ्रेम हवी. इंटरनेटवरचं सर्वेक्षणाचं चित्र पडताळणीला ठीक, रोजच्या तुलनेला नाही. डीएसएसच्या (जुन्या फोटोप्लेटा स्कॅन करून केलेल्या सर्वेक्षणाच्या) निळ्या प्लेटवर गुलाबी हायड्रोजन ढग मंद उमटतात, तर सीमॉस सेन्सर लाल प्रकाशाला तिखट असल्यामुळे तेच ढग आपल्या फ्रेममध्ये ठसठशीत येतात. नवखा माणूस पहिल्याच आठवड्यात असा एखादा ढग ‘शोधतो’. त्या जुन्या प्लेटांवर दीर्घिकांचे गाभेही जळून पांढरे झालेले असतात.

चंद्र नसताना, दीर्घिका ४० अंशांच्या वर असताना, नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ देऊन ही फ्रेम घ्यावी. एम ८२ किंवा एनजीसी १३६५ सारख्या खालून जाणाऱ्या दीर्घिका याम्योत्तर वृत्तावर असतानाच धराव्यात. मग ती फ्रेम पॅन-स्टार्स सर्वेक्षणाच्या चित्राशी एकदा बारकाईने ताडा. क्रांती (आकाशातला अक्षांश) −३० अंशांपर्यंत ते उपलब्ध आहे. त्याखाली डीएसएससारखं दुसरं सर्वेक्षण वापरावं लागतं. हे केलं नाही आणि संदर्भ फ्रेममध्येच एखादा सुपरनोव्हा बसलेला असला तर तो वर्षभर ‘नेहमीचा तारा’ म्हणून मिरवेल. फाइलच्या नावात दीर्घिका, जागतिक वेळेची तारीख, फिल्टर. दोनशे दीर्घिकांच्या संदर्भ फ्रेम जमायला एक आख्खा हंगाम जातो. घाई करून अर्धवट ढगातल्या फ्रेम संदर्भ म्हणून ठेवू नयेत.

रात्रीचा क्रम

आधी पश्चिमेकडच्या, मग डोक्यावरच्या, पहाटे पूर्वेच्या. प्रत्येक दीर्घिकेच्या ४५ सेकंदांच्या तीन फ्रेम, दोन फ्रेमच्या मध्ये दुर्बीण दहा-बारा पिक्सेल सरकवलेली. फिरण्याला आणि जागा पक्की करायला पाऊण मिनिट धरलं तर एका दीर्घिकेला तीन मिनिटं. अडथळे जमेस धरून तासाला १६ ते १८. सात तासांत ११० च्या वर होतात. टाइप १ए चढायला अडीच आठवड्यांच्या आसपास घेतो, तेव्हा दर तीन ते पाच रात्रींनी प्रत्येकीकडे फेरी झाली तर पकड चांगली बसते. पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच रात्री सोडून द्या. त्या काळात जुन्या फ्रेम लावून ठेवा.

मध्ये सरकवणं अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. सरकवलं नाही तर गरम पिक्सेल तिन्ही फ्रेममध्ये त्याच जागी, ताऱ्यासारखा इमानाने बसून राहतो. सरकवलं की तारे जागचे हलतात, पिक्सेल हलत नाही, आणि चोरी उघडी पडते.

एक्स्पोजर लांबवायच्या मोहात पडू नका. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात व्हिक्टर बुसो यांनी २० सप्टेंबर २०१६ रोजी ४० सेंटीमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासताना एनजीसी ६१३ वर रोखला. शहराच्या उजेडामुळे एक्स्पोजर लहान ठेवून एकामागून एक फ्रेम घेणं त्यांना भाग होतं. नेमक्या त्याच काळात एसएन २०१६जीकेजीचा आघात ताऱ्याच्या पृष्ठभागाबाहेर फुटला आणि तेज वाढतानाची मालिकाच हाती लागली. एक लांब एक्स्पोजर असतं तर त्यात एकच ठिपका उरला असता.

ताडून पाहणं त्याच रात्री, पुढची दीर्घिका चालू असताना. एस्टॅप हा मोफत प्रोग्राम फ्रेमची जागा ओळखतो, जुळवतो आणि आलटून पालटून दाखवतो. माउंट याम्योत्तर वृत्त ओलांडून उलटला की फ्रेम १८० अंश फिरलेली येते, तेव्हा जुळवणी ताऱ्यांवरूनच करायची. प्रत्येक जोडी दोनदा पाहा: एकदा पडदा उजळ करून, म्हणजे बाहेरच्या भुजा दिसतील, एकदा इतका काळा करून की फक्त गाभा आणि त्याभोवतीच्या गाठी उरतील. दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात, आणि गाभ्यालगतचे सुपरनोव्हा तिथेच निसटतात.

ठिपका बाद करायचा कसा

समजा एप्रिलच्या एका रात्री पावणेअकराला एम ६१ च्या पश्चिमेकडच्या भुजेवर १६ प्रतीचा ठिपका दिसतोय आणि संदर्भ फ्रेममध्ये तो नाही. आता घाई करायची ती फक्त पुढच्या तीन फ्रेम घेण्याची.

पहिल्यांदा स्टॅक बाजूला ठेवून सुट्या फ्रेम उघडा. ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर तो वैश्विक किरण किंवा क्षणभर चमकलेला उपग्रह, विषय संपला. वैश्विक किरणाची खूण अशी की तो एक-दोन पिक्सेलांत मावतो, शेजारच्या ताऱ्यांसारखा पसरत नाही. तिन्हीत असेल तर त्याची रुंदी मोजा. शेजारच्या ताऱ्यांची रुंदी ३.२ विकला असताना याची १.६ भरली तर तो तारा नाही. उलट ५ भरली तर बहुधा हायड्रोजन ढगाची गाठ, जी संदर्भ फ्रेमच्या रात्री हवा वाईट असल्यामुळे पुसट झाली होती.

मग दुर्बीण पाच कला (एक कला म्हणजे ६० विकला) बाजूला सरकवून पुन्हा फ्रेम. जवळपासच्या तेजस्वी ताऱ्याचं भिंगांमधलं परावर्तन असेल तर ते दीर्घिकेच्या तुलनेत जागा बदलतं.

पुढचा संशयित लघुग्रह, आणि कन्या राशीत तो सर्वांत वरचा. क्रांतिवृत्त तिथूनच जातं. एम ६१ त्याच्यापासून फार तर सात अंशांवर आहे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या) आसपास तासाला ३० ते ४० विकला सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात दीड विकलेच्या पिक्सेलवर दहा पिक्सेल. अर्ध्या तासाने घेतलेली फ्रेम निकाल लावते. पण प्रतियुतीच्या दीड-दोन महिने आधी किंवा नंतर तोच लघुग्रह स्तंभी होतो, जवळजवळ थांबतो, आणि अर्धा तास काय, दोन तासांतही जेमतेम हलतो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर न विसंबता मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर विषुवांश (आकाशातला रेखांश), क्रांती आणि वेळ घालून पाहावं. वेळ जागतिक, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे ३ वाजताची १५ तारखेची फ्रेम म्हणजे १४ तारीख, २१ वाजून ३० मिनिटं, दशांशात १४.८९६. या एका वजाबाकीत चुकलं की लघुग्रह भलत्याच जागी शोधला जातो आणि ठिपका ‘स्वच्छ’ ठरतो.

इथवर टिकला तर आपल्या आकाशगंगेतला रूपविकारी (तेज बदलणारा) तारा नाही ना, हे अशा ताऱ्यांच्या व्हीएसएक्स सूचीत आणि गाया यानाच्या नोंदींत बघा. लाल बटू तारा एरवी १९ प्रतीचा असतो आणि भडकला की तासाभरासाठी १६ चा होतो. दुसऱ्या दिवशी नाहीसा झालेला असतो. ठिपका बरोबर दीर्घिकेच्या केंद्रावर असेल तर दुप्पट सावध. सक्रिय गाभ्याचं तेज आपोआप खालीवर होत असतं, आणि दोन रात्रींच्या हवेतला फरकही गाभ्यात खोटा ठिपका उभा करतो.

शेवटी वरचं गणित उलटं चालवा. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिथला टाइप १ए पाचव्या प्रतीच्या आसपास यायला हवा. १८८५ साली तिथे दिसलेला सुपरनोव्हा सहाव्या प्रतीजवळ गेला होता. तेव्हा देवयानीत १६ प्रतीचा नवा तारा दिसला तर तो साधा नवतारा, म्हणजे नोव्हा. कळवण्याजोगा आहेच, पण सुपरनोव्हा म्हणून नव्हे. एम ६१ मधला १६ प्रतीचा ठिपका मात्र निरपेक्ष −१५ च्या आसपास बसतो: चढत असलेला टाइप २ शोभतो.

आता टीएनएस, म्हणजे ट्रान्झियंट नेम सर्व्हर. १ जानेवारी २०१६ पासून अधिकृत नोंदणी इथेच होते. आपल्या स्थानाभोवती १० विकलांच्या वर्तुळात शोध टाका. दहापैकी नऊ वेळा कोणीतरी आधीच नोंदवलेलं निघेल. तसं निघालं तरी रात्र वाया गेली नाही. तुमच्याकडे त्याचं एक मोजमाप आहे.

शक्य असेल तर दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या दुर्बिणीतून फ्रेम मागवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ, गोव्यातली असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी अशा मंडळींत गच्चीवर दुर्बीण लावून बसलेलं कोणी ना कोणी ओळखीचं असतं. त्यांना फक्त स्थान सांगा, ठिपका दाखवू नका. त्यांना तो आपणहून सापडला तर पुराव्याचं वजन वाढतं.

कळवणं

टीएनएसचं खातं हंगाम सुरू होण्याआधी काढा आणि त्यांच्या सरावाच्या वेगळ्या साइटवर एक खोटा अर्ज भरून पाहा. पहाटे तीनला, झोपाळलेल्या डोळ्यांनी पहिल्यांदाच तो फॉर्म उघडला की चुका होतात.

लागतं ते असं: विषुवांश (सेकंदाच्या दोन दशांशांपर्यंत) आणि क्रांती (विकलेच्या एक दशांशापर्यंत), शोधाची तारीख-वेळ, प्रत आणि फिल्टर, दुर्बीण व कॅमेरा, वस्तूचा प्रकार ‘संभाव्य सुपरनोव्हा’, यजमान दीर्घिकेचं नाव. आणि जो रकाना भरताना लोक अडखळतात तो: याआधी तिथे काही नव्हतं ती शेवटची तारीख आणि त्या फ्रेमची मर्यादा प्रत. ‘११ एप्रिलला १७.४ प्रतीपर्यंत काही नाही’ या एका ओळीवरून स्फोट किती ताजा आहे ते व्यावसायिकांना कळतं. म्हणून रिकाम्या रात्रींच्या फ्रेम पुसायच्या नाहीत.

अर्ज गेला की लगेच ‘एटी’ने सुरू होणारं नाव मिळतं. वर्णपट घेऊन प्रकार पक्का झाल्यावर ‘एटी’ जाऊन ‘एसएन’ येतं. वर्णपटात सिलिकॉनची एरवी ६३५.५ नॅनोमीटरवर असणारी रेषा सरकून ६१५ च्या आसपास खळगा पाडत असेल तर टाइप १ए. ती सरक म्हणजे सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरातला वेग. ६५६ नॅनोमीटरला हायड्रोजनचा रुंद उंचवटा असेल तर टाइप २. हानलेची २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण असे वर्णपट वर्षानुवर्षं घेत आली आहे. हौशी माणसाला हे जमतं, पण तेजस्वी सुपरनोव्हावरच.

मोजमाप

शोध एखाद्यालाच लागतो. प्रकाशवक्राला भर कोणालाही घालता येते, आणि खरं विज्ञान बहुतेक तिथेच होतं. टाइप १ए परमोच्च बिंदूनंतर १५ दिवसांत निळ्या प्रकाशात साधारण १.१ प्रतीने उतरतो. टाइप २ मधला एक मोठा गट शंभर दिवसांच्या आसपास पठारावर रेंगाळतो आणि मग कोसळतो. पठाराचा शेवट नेमका कधी झाला हे कळायला त्या आठवड्यात रोज एक बिंदू लागतो. मोठ्या दुर्बिणी तेवढा वेळ देत नाहीत. तुम्ही देऊ शकता.

एएव्हीएसओच्या (रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेच्या) चार्ट पानावर सुपरनोव्हाचं नाव घालून तुलना ताऱ्यांचा तक्ता काढा आणि त्याचा क्रमांक टिपून ठेवा. निरीक्षण पाठवताना तो लागतो. व्ही फिल्टर असेल तर लावा. फिल्टर नसताना मोजलं तर तसं सांगून पाठवा, कारण लाल प्रकाशाला तिखट सेन्सर आणि रंग बदलत जाणारा सुपरनोव्हा यांच्यात दोन-तीन दशांश प्रतींचा फरक सहज पडतो. तुलना ताऱ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल १६ बिटांच्या फ्रेममध्ये ४०,००० च्या खाली ठेवा. चूक किती हे १.०९ ला संकेत-गोंगाट गुणोत्तराने भागून येतं: गुणोत्तर २० असेल तर ०.०५ प्रत.

खरी डोकेदुखी पार्श्वभूमीची. मोजणीचं सॉफ्टवेअर ठिपक्याभोवतीच्या कड्यातून आकाशाचा उजेड काढतं आणि वजा करतं. सुपरनोव्हा भुजेवर असेल तर कड्याच्या एका बाजूला भुजा, दुसऱ्या बाजूला काळोख; सरासरी दोन्हीकडे खोटी. सुपरनोव्हा ठळक असताना हे खपून जातं. तो मंदावत गेला की वक्राची शेपटी आडवी होते आणि तेज स्थिरावल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही दीर्घिकाच मोजत असता. टाइप २ च्या शेपटीत कोबाल्ट ५६ च्या किरणोत्सर्गामुळे शंभर दिवसांत जवळपास एक प्रत उतार अपेक्षित असतो. तुमचा उतार त्याहून खूपच कमी भरला तर आधी पार्श्वभूमीवर संशय घ्या.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर

ऑस्ट्रेलियाचे पाद्री रॉबर्ट एव्हान्स यांनी आयपीसला डोळा लावून चाळीसहून अधिक सुपरनोव्हा शोधले. शेकडो दीर्घिकांभोवतीचे तारे त्यांना पाठ होते. आज त्या रस्त्याने शोध लागणं अवघड, पण जाहीर झालेला सुपरनोव्हा ८ किंवा १० इंची डॉबमधून (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरच्या दुर्बिणीतून) पाहणं अगदी आवाक्यातलं आहे. काळ्या आकाशात ८ इंचीतून १३.५ प्रतीपर्यंत धरून चला.

अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्या. दीर्घिका कमी मोठेपणावर शोधा, मग १५० ते २०० पट करा. दीर्घिकेचं धुकं पसरून मंद होतं, ठिपका तेवढाच राहतो आणि वर उठून दिसतो. नजर थोडी तिरकी ठेवायची. अंदाज काढायला एक थोडा उजळ आणि एक थोडा मंद असे दोन तुलना तारे निवडा. तक्त्यावर १२४ लिहिलं असेल तर ते १२.४, दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, ताऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. १२.४ आणि १३.१ च्या मध्ये, उजळ ताऱ्यापासून एक तृतीयांशावर सुपरनोव्हा वाटला तर १२.६ लिहा. कालचा आकडा आठवून आजचा ठरवू नका. वही बंद ठेवूनच अंदाज घ्या.

सुपरनोव्हा तुमच्या दुर्बिणीच्या पल्ल्याबाहेर गेला की वर्षभर थांबून, त्याच कॅमेऱ्याने, त्याच फिल्टरमध्ये, दीर्घिका तेवढ्याच उंचीवर असताना तिची तासाभराची फ्रेम घ्या. आता तिथे फक्त दीर्घिका आहे. ही फ्रेम जुन्या प्रत्येक रात्रीतून वजा करून सगळी मोजमापं पुन्हा काढा आणि एएव्हीएसओकडे आधी पाठवलेली निरीक्षणं दुरुस्त करा.